खिडकीखालची ओल

आधीच सांगून टाकतो. माझी शाळा सातवीत सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर मोठ्या मनाने समजून घ्या. भारी शब्दही मला येत नाहीत, घरात बोलतो तसंच लिहिलं आहे. ही गोष्ट माझ्या मामांची. अर्धी त्यांनी सांगितली, अर्धी मामीने. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक पडला तिथे मी मामीचं धरलं, कारण मामांना सगळंच थोडं कमी करून सांगायची सवय आहे. मी स्वतः या गोष्टीत कुठेच नाही, म्हणून आता बाजूला होतो.

१

मामा गवंडी. थापी हातात धरली तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं, आणि आता मिशी पांढरी झाली तरी थापी सुटलेली नाही. लोक त्यांना ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला लोखंडी वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. मामांच्या खिशात तो कायम असायचा, लग्नाला जातानासुद्धा. त्यांचा जुना दोस्त रंगारी म्हणायचा, "हा झोपतो तोही ओळंब्यात. कूस बदलायची झाली तर आधी दोरी सोडून बघतो."

घर मामांनी स्वतः बांधलं होतं. उतारावरचं दोन खोल्यांचं घर. पुढची खोली वर रस्त्याकडे, मागची पाच-सहा पायऱ्या खाली, नदीकडे. मागच्या खोलीत पलंग, एक पत्र्याची पेटी आणि नदीच्या बाजूला एक खिडकी. मामा रोज सकाळी चहा झाला की त्या पेटीवर बसून बूट घालायचे. समोर खिडकी, खिडकीखाली भिंत. वर्षानुवर्षं हेच.

एका सकाळी डाव्या पायात बूट घालताना त्यांना खिडकीखाली ओल दिसली.

आता ओल म्हणजे मामांची रोजचीच वैरीण. लोकांच्या घरातली ओल काढण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. ओल कशी येते, कुठून चढते, कुठे फुगते, हे त्यांना भिंतीला नुसता कान लावून सांगता यायचं. ओल पसरते. तिच्या कडा वाकड्यातिकड्या असतात, नकाशासारख्या. ती उन्हाळ्यात मागे हटते आणि पावसाळ्यात पुढे येते.

हा भर उन्हाळा होता. नदी आटून पार पलीकडच्या काठाला लागली होती. आणि ही ओल पसरलेली नव्हती. जेमतेम दीड वीत रुंद, जमिनीपासून सरळ वर गेलेली, वरच्या टोकाला गोल.

मामा एक बूट घालून उठले. हात लावला. गार. दोन्ही कडा बघितल्या आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खिशातला ओळंबा काढून ओलीच्या कडेला सोडला.

दोरी आणि कड एकमेकींपासून केसभरही हलल्या नाहीत. दुसऱ्या कडेलाही तेच.

ओल कधी ओळंब्यात नसते. हे मामांना जितकं पक्कं माहीत होतं तितकं स्वतःचं नावही नसेल. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, एका पायात बूट, एक पाय अनवाणी. मग त्यांनी टेप काढली आणि जमिनीपासून गोल टोकापर्यंत मोजलं.

चाळीस इंच.

त्यांनी टेप मिटली, दुसरा बूट घातला आणि कामावर गेले. मामीला काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच्या घरी एक भिंत दोनदा पाडून तिसऱ्यांदा बांधली.

२

चाळीस इंच का, ते सांगायला हवं.

मामांना एक मुलगी होती. जन्मली तेव्हा एवढीशी, दोन वितांची, म्हणून मामा तिला वितू म्हणायचे. तीन वर्षांची झाल्यापासून मामा तिला दर सहा महिन्यांनी मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर गुण्या, म्हणजे गवंड्याची काटकोनी पट्टी, ठेवायचे आणि जाड पेन्सिलीने रेघ मारायचे. वितू टाचा उचलायची. मामा म्हणायचे, "लबाडी नको. टाचा खाली." ती टाचा खाली टेकवायची, मामा पेन्सिल उचलायचे, की पुन्हा टाचा वर.

तिला उंच व्हायची घाई होती, आणि त्याला कारण होतं ती खिडकी.

घर बांधताना मामांनी त्या खिडकीचा कट्टा चांगला चार फुटांवर ठेवला होता. सगळ्यांच्या घरी अडीच फुटांवर असतो. मामी तेव्हाच म्हणाली होती, "अहो, खाली घ्या की. उद्या मूल झालं तर त्याला नदी दिसेल." मामा म्हणाले, "नदी बघायची नसते, बाहेर ठेवायची असते." जुन्या माणसांना विचारून त्यांनी पुराच्या खुणा शोधल्या होत्या. पाणी पूर्वी कुठवर आलं होतं ते मोजलं होतं, आणि त्याच्या अर्धा फूट वर कट्टा धरला होता. मागची भिंतही दीडपट जाड.

वितू रोज सकाळी मामा बूट घालत असताना त्या कट्ट्याला बोटं लावून टाचा उचलायची. आठ बोटं कट्ट्यावर, अंगठे खाली, नाक भिंतीला.

"बाबा, दिसत नाही."

"वाढ. मग दिसेल."

रोजचं ठरलेलं बोलणं. उचलून घ्यायला किती वेळ लागला असता? पण मामांचे हात कामावर निघालेले असायचे.

मग तो पूर आला. मामांचा हिशेब अचूक निघाला. मागच्या भिंतीला पाणी चढलं आणि कट्ट्याच्या दोन बोटं खाली येऊन थांबलं. खोलीत थेंब आला नाही. मामा पुढच्या दारात शेजाऱ्यांचं सामान रस्त्यावर काढायला मदत करत होते, मामी चुलीजवळ होती. बाहेर सगळे ओरडत होते, केवढं पाणी, केवढं पाणी. आणि वितूला खिडकीतून काही दिसत नव्हतं. ती पुढच्या दारातून बाहेर पडली आणि घराला वळसा घालून बघायला मागे गेली.

नदीने तिला परत दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा मागच्या भिंतीला टेकून बारीक, धुतल्यासारख्या वाळूचा ढीग होता. बस.

पुराच्या पंधरा दिवस आधीच मामांनी रेघ मारली होती. चाळीस इंच.

त्यानंतर मामांनी जे केलं ते कुठल्याही गवंड्याने केलं असतं. भिंत तीन दिवस बाहेरून पाण्यात होती, आतला गिलावा फुगून सुटला होता. फुगलेला गिलावा ठेवायचा नसतो. त्यांनी तो सगळा विटेपर्यंत उतरवला, पेन्सिलीच्या रेघांसकट. मामी दारात उभी राहून बघत होती. मग नवा गिलावा केला. आणि त्याला वाळू मागच्या भिंतीशीच पडली होती, बारीक, चाळायचीही गरज नसलेली. चांगली वाळू गवंडी टाकून देत नाही.

३

दुसऱ्या आठवड्यात मामांनी तो ओला पट्टा विटेपर्यंत खरवडला, भेगा भरल्या, पाणी अडवायचं औषध सिमेंटमध्ये मिसळून गिलावा ओढला आणि वरून रंगाऱ्याला बोलावलं.

रंगाऱ्याने भिंतीवर टिचकी मारली. "जगाची ओल काढतोस आणि घरात ही? दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच बघ."

"तू रंग मार. ब्रश चालव, तोंड नको."

"मारतो की. पण काय रे मिस्त्री, एवढीच चिंचोळी ओल मी कधी बघितली नाही. कोणी ओल्या अंगाने टेकून उभं राहिल्यासारखी."

मामा घमेलं धुवायला बाहेर गेले.

सहा महिने भिंत कोरडी राहिली. मग एका सकाळी पेटीवर बसल्यावर ती तिथेच होती. आणि खालून चढत आली असती तर मामांनी समजून घेतलं असतं. काल काही नव्हतं आणि आज पुरी, गोल टोकासकट. टेप लावली. एक्केचाळीस इंच आणि वर एक पाव.

मामांनी स्वतःची समजूत घालून बघितली. जमीन खचली असेल. टेप जुनी आहे, टोकाची पट्टी झिजली असेल. नवी टेप आणली. एक्केचाळीस आणि पाव. मग डांबर लावून बघितलं. बाहेरून भिंतीच्या पायाशी हातभर चर खणून दगड भरले. जितके उपाय केले तितक्या वेळा ती काही महिने गेली आणि परत आली, आणि दर वेळी थोडी वर. बेचाळीस आणि अर्धा. पावणेचव्वेचाळीस.

"सिमेंटमुळे ती आत कोंडते," रंगारी म्हणाला. "कोंडलेली ओल वरच चढणार. तुलाच माहीत आहे हे. तूच मला शिकवलंस."

हे खरं होतं. हे कारण अगदी चोख होतं आणि मामांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. कोंडलेली ओल वर्षाला बरोबर अडीच इंच चढते, असं त्यांनी कुठे ऐकलं नव्हतं.

४

मामीचा खोकला त्या हिवाळ्यात सुरू झाला. आधी सगळ्यांनी कानाआड केला. मग तो छातीत उतरला. डॉक्टर घरी आले, तिची छाती तपासली आणि मागच्या खोलीत डोकावून बघितलं.

"या खोलीत झोपता तुम्ही?"

"हो."

"ओल आहे. यांच्या छातीला हे चालणार नाही. पावसाळ्याच्या आत एक तर ही भिंत कोरडी करा, नाहीतर बाईंना इथून हलवा. पुढच्या पावसाळ्यात मग मला बोलावून उपयोग होणार नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

मामांनी त्याच संध्याकाळी पलंग उचलायला घेतला. मामीने पलंगाचा पाय धरला.

"मी इथेच झोपणार."

"अगं, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं. कान चांगले आहेत माझे, छाती खराब आहे."

मामांना तिच्यापुढे काही चालायचं नाही. पण दोन दिवसांनी सिमेंट संपलं म्हणून ते दुपारी अवेळी घरी आले. मागच्या खोलीत गेले. मामी जमिनीवर बसली होती, खिडकीखाली, भिंतीला पाठ टेकून. त्या ओलीला. डोळे मिटलेले, हातात निवडायची भाजी तशीच. लुगड्याची पाठ पाण्याने काळी झाली होती.

मामा दारातच थांबले.

"रोज बसतेस इथे?"

"दुपारची. तुम्ही नसता तेव्हा."

"किती दिवस झाले?"

"ती माझ्या कमरेला होती तेव्हापासून."

ओल माझ्या कमरेला होती, असं ती म्हणाली नाही. मामांनी ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं करून तिला हात देऊन उठवलं. तिची पाठ बर्फासारखी होती.

"तुला कळतंय का," मामा म्हणाले, "तू मरशील."

"तुम्ही सगळ्या रेघा खरवडून टाकल्यात," मामी म्हणाली. आवाज चढला नव्हता, ती चहाला विचारते तशाच आवाजात बोलली. "एकही ठेवली नाहीत. आता ती आपली आपण मारतेय, तर तीही तुम्हाला बघवत नाही."

मग तिला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही.

५

मामांनी ठरवलं. पावसाला महिना होता. ओल आता पंचेचाळीस इंचांवर आली होती, कट्टा अठ्ठेचाळीसवर. तीन इंच, म्हणजे चार बोटं उरली होती. कट्ट्याला पोचल्यावर पुढे काय, हा प्रश्न मामांना अलीकडे काम करता करता पडायचा आणि थापी हातातल्या हातात थांबायची. त्याचं उत्तर त्यांना नको होतं. त्यांना मामी हवी होती.

खिडकी विटांनी कायमची बंद करायची. आतून पूर्ण भिंतीला दुसरी भिंत जोडायची, मध्ये डांबरी कागद, वरून छतापर्यंत फरशी. मग तिथे ओल असली काय आणि नसली काय, कोणाला दिसणार नाही आणि कोणाला टेकता येणार नाही.

मामीला सांगितलं तेव्हा ती पुढच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

रंगाऱ्याने विटा आत आणायला मदत केली. दोघांनी खोलीभर थप्पी लावली. जाताना तो म्हणाला, "जेवून येतो. आणि हे बघ मिस्त्री, वहिनींशी एकदा बोलून घे. बाई गप्प बसली की घर पडतं म्हणतात, ते तुझ्या ओळंब्याने नाही सावरणार."

"जा. आमटी गार होईल तुझी."

मामा एकटे राहिले. बाहेर दुपारचं पांढरं ऊन. घमेल्यात माल कालवून तयार होता. कालवलेला माल थांबत नाही, तासाभरात लावावाच लागतो. कट्ट्यावर सिमेंटची कोरडी धूळ पसरली होती. वीट बसवण्याआधी कट्टा ओला करायचा म्हणून ते पाण्याच्या डब्याकडे वाकले.

तेव्हा आवाज आला. अगदी हलका. फरशीवर अनवाणी टाच टेकल्याचा.

मामा वाकलेलेच राहिले. उंदीर असेल. विटांची थप्पी बसली असेल. नव्या विटा बसताना आवाज करतातच.

पुन्हा आला. दोन्ही टाचा एकदम.

त्यांनी मान वळवली.

ओल वर जात होती. त्यांच्या देखत, दुधाला ऊत येतो तशी सावकाश, गोल टोक वर सरकलं. एक बोट. दोन बोटं. चार बोटं. कट्ट्याच्या खालच्या कडेला जाऊन टेकलं. आणि वर, कट्ट्यावरच्या कोरड्या धुळीत, एक ठिपका काळा झाला. मग त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, चौथा. वीतभर जागा सोडून आणखी चार.

आठ ठिपके. एवढे एवढे. वाटाण्याएवढे.

अंगठे खाली असतात, हे मामांना आठवलं.

ओल तशीच ताणून उभी राहिली. थोडी थरथरली. मग दमल्यासारखी चार बोटं खाली आली. फरशीवर टाचा टेकल्या. ठिपके धुळीत राहिले होते.

ओल कधी अशी खाली येत नाही. मामांच्या डोक्यात हे एकच वाक्य फिरत होतं. ती वाळते, ती विटते, ती पसरते, पण ती अशी खाली येत नाही. आणि ते वाक्य फिरत असतानाच टोक पुन्हा वर निघालं. पुन्हा कट्टा. ठिपके अगदी त्याच ठिपक्यांवर. पुन्हा ताण, पुन्हा थरथर, पुन्हा खाली.

दर सकाळी बूट घालताना त्यांच्या समोर हेच झालं असणार. किती सकाळी. त्यांनी बुटाकडे बघितलं होतं.

तिसऱ्या वेळी मामांचे ओठ आपोआप हलले. "वाढ," एवढा शब्द त्यांच्या जिभेवर आला आणि त्यांनी दात आवळले. त्यांना भीती वाटत होती, हे ते अजूनही कबूल करतात. दाराकडे जायचं तर त्या भिंतीला पाठ करावी लागणार होती. ते त्यांच्याच्याने होईना. भीती वाटत होती म्हणून नव्हे, असं ते म्हणतात. मामी म्हणते, दोन्हीमुळे.

ते विटांवर बसले. आणि बसूनच राहिले, ओल वर जायची, खाली यायची, आणि ते बघत राहिले.

६

मामी आत आली तेव्हा ऊन भिंतीवरून सरकलं होतं. ओल पंचेचाळीस इंचांवर शांत होती, खिडकी उघडीच होती. तिने मामांकडे बघितलं नाही, घमेल्याकडे बघितलं. त्यात बोट खुपसलं. माल दगड झाला होता.

"माल वाया घालवलात?" ती म्हणाली. "तुम्ही?"

चाळीस वर्षांत मामांनी मुठीएवढा मालही वाया घालवला नव्हता. ती खाली बसली, त्यांच्या शेजारी, विटांवर.

"कट्टा मी चार फुटांवर ठेवला," मामा म्हणाले.

"हो."

"तू म्हणाली होतीस, अडीच ठेवा."

"म्हणाले होते."

"मग अडून का नाही बसलीस?"

"गवंडी तुम्ही की मी?"

मामांनी कट्ट्याकडे बोट दाखवलं. मामी उठली, धुळीतले ठिपके बघितले, आणि तिने हात नाही लावला. नुसती वाकून त्यांच्यावरून हलकेच फुंकर घातली, मूल पडलं की गुडघ्यावर घालतात तशी.

तिने हे आधी कधी पाहिलं होतं का, ते मामांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

"खाली घेतला कट्टा," मामा म्हणाले, "तर पुढच्या पुरात पाणी घरात येईल. दीड फूट आधीच येईल."

"येईल. पाय आहेत ना आपल्याला? उठू आणि रस्त्यावर जाऊ."

"आणि बघून झाल्यावर ती..." मामा म्हणाले. बघून झाल्यावर ती जाईल की थांबेल, आणि दोहोंपैकी आपल्याला कशाची भीती जास्त वाटते, हे त्यांना कळत नव्हतं.

मामी बराच वेळ खोकली. मग तोंड पुसून म्हणाली, "तुम्ही कट्टा खाली घ्या. मी पुढच्या खोलीत झोपते. भिंतीला टेकणार नाही. डॉक्टर म्हणतील ते सगळं ऐकेन."

"सगळं?"

"काढा सोडून. तो फार कडू आहे."

इतक्या दिवसांत मामा पहिल्यांदा हसले. मग त्यांना रडू आलं. मामीने त्यांच्या डोक्यातली सिमेंटची धूळ पदराने झाडली आणि म्हणाली, "उठा. डोकं धुवा. नाहीतर तेही दगड होईल."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पहिलं काम केलं ते म्हणजे पलंग पुढच्या खोलीत नेला, ऊन येतं त्या बाजूला. मग खिडकीची चौकट काढली, कट्ट्यावरची काळी फरशी ठिपक्यांना धक्का न लावता उचलून पेटीवर ठेवली, आणि भिंत उतरवायला लागले. ओल्या विटांना त्यांनी हातोडी लावली नाही. झोपलेल्या मुलाच्या मुठीतली वस्तू काढतात तशा एकेक सोडवून काढल्या. सहा थर. खाली राहिलेला सिमेंटचा गिलावाही सगळा खरवडला आणि विटा उघड्या ठेवल्या. चुना लावू नंतर, सावकाश. भिंतीला श्वास घेता आला पाहिजे, हे ते आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले होते.

रंगारी आला आणि खिडकीतलं भगदाड बघून दारातच थबकला. "अरे, बंद करणार होतास ना?"

"मोजमाप चुकलं होतं."

"तुझं? मोजमाप?"

"माझं. धर हे टोक."

दोघांनी फरशी नव्या जागी बसवली. जमिनीपासून अडीच फूट. मामांनी पाण्याच्या नळीने दोन्ही टोकं एका पातळीत आणली, ओळंबा सोडला, दोरी स्थिर झाली. वरच्या अंगाला नदीवर ढग जमत होते. पाणी कालच्यापेक्षा बोटभर वर आलं होतं. मामांना ते दिसलं. आता घरातल्या कुठल्याही माणसाला ते बसल्या जागेवरून दिसणार होतं.

रंगारी गेल्यावर त्यांनी थापी धुतली. बूट घालायची वेळ कधीच टळून गेली होती. ते पेटीवर बसले नाहीत. खिडकीसमोर खाली जमिनीवर बसले, मांडी घालून, म्हणजे डोळे साधारण एका लहान मुलाच्या उंचीला आले. कट्ट्याकडे त्यांनी बघितलं नाही. नदीकडे बघितलं. शेजारी फरशीवर टाच टेकल्यासारखं काहीतरी वाजलं.

मामा थोडे डावीकडे सरकले आणि तिच्यापुरती जागा केली.